सात इंची तबकडीचे वाचन

१९४९च्या मार्चअखेरीस अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली. पहिल्याच खेपेत ५०-०००० या क्रमांकाची एक तबकडी होती. गाणे ‘दॅट्स ऑल राइट’, गायक आर्थर ‘बिग बॉय’ क्रुडप. मिसिसिपीच्या या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाने ते १९४६मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. नव्या वेगाच्या तबकडीवर ते पुन्हा निघाले. तबकडीचा रंग नारिंगीकडे झुकणारा लालसर होता, कारण कंपनीने प्रत्येक प्रकारच्या संगीताला एकेक रंग नेमून दिला होता. लोकप्रिय गाण्यांना काळा, अभिजात संगीताला लाल, कंट्री गाण्यांना हिरवा, मुलांच्या गाण्यांना पिवळा आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी काढलेल्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ला हा नारिंगी-लाल. कोणता माल कोणत्या गिऱ्हाइकाचा, हे दुकानदाराला खोका उघडताच कळत असे.

पाच वर्षांनी, जुलै १९५४मध्ये, मेम्फिसच्या सन स्टुडिओत १९ वर्षांच्या एका ट्रकचालक तरुणाने तेच गाणे म्हटले. हा तरुण म्हणजे एल्विस प्रेस्ली. सन कंपनीच्या २०९ क्रमांकाच्या त्या तबकडीच्या एका बाजूला क्रुडपचा ब्लूज आहे आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, म्हणजे गोऱ्या ग्रामीण दक्षिणेचे गाणे. आरसीएने दोन रंगांत वेगळी ठेवलेली दोन संगीते इथे एकाच तबकडीच्या पाठपोटाला येऊन बसली. वर्षभराने एल्विसचा करार विकत घेतला तो आरसीएनेच. क्रुडपला मात्र या गाण्याच्या मानधनासाठी आयुष्यभर झगडावे लागले. १९७४मध्ये तो वारला तेव्हाही त्याचा हिशेब चुकता झालेला नव्हता. अमेरिकेतील वर्णभेदाचा, त्याला पडलेल्या भेगांचा आणि त्या भेगांतून कोणाला काय मिळाले याचा हा इतिहास दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यासाठी तबकडी नीट वाचता मात्र आली पाहिजे.

जुन्या पॉप सिंगल्सचा, म्हणजे एका बाजूला एकच गाणे असलेल्या तबकड्यांचा, संग्रह हे असे वाचनाचे क्षेत्र आहे आणि त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. या छंदाकडे बाहेरून पाहणाऱ्याला त्यात लिलाव, किमती आणि स्मरणरंजन दिसते. तीनही गोष्टी खऱ्या आहेत, पण क्षेत्राचा गाभा वेगळा आहे. सिंगल ही वस्तू टिकावी म्हणून बनवलेलीच नव्हती. चार-सहा आठवडे रेडिओवर वाजायचे, क्रमवारीत चढायचे, उतरायचे आणि पुढच्या गाण्याला जागा करून द्यायची, एवढेच तिचे आयुष्य. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा ब्रिटनमध्ये फार जुना आहे, पण ध्वनिमुद्रिकांना तो लागू नव्हता. अमेरिकेत तर १५ फेब्रुवारी १९७२पर्यंत ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याने स्वामित्वहक्कच नव्हता, मग सक्तीने प्रत जमा करण्याचा प्रश्नच कुठला. लंडनमध्ये पॅट्रिक सॉल यांनी १९५५मध्ये ध्वनिसंग्रहालय उभे केले (आज ते ब्रिटिश लायब्ररीचा भाग आहे). ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने लोकप्रिय संगीताचा मोठा संग्रह जमवला. पण लहानसहान कंपन्यांनी पाच-सातशे प्रतींत काढलेली हजारो गाणी सरकारने वा विद्यापीठाने राखली नाहीत. ती राखली दुकानांच्या तळघरांतून, ज्यूकबॉक्सवाल्यांच्या भंगारातून आणि घरसामानाच्या विक्रीतून वेचणाऱ्या खासगी माणसांनी. पॉप संगीताच्या पहिल्या तीन दशकांचे दप्तरखाते संग्राहकांनी सांभाळले, असे मी जबाबदारीने म्हणेन. आणि दप्तर सांभाळणाऱ्यावर नोंदी ठेवण्याचे कर्तव्यही येते. या क्षेत्राचा सगळा विवेक मला त्या कर्तव्यात दिसतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा बीटल्सचा आहे. ‘लव्ह मी डू’ हे त्यांचे पहिले सिंगल ५ ऑक्टोबर १९६२ रोजी पार्लोफोनच्या लाल लेबलवर आर ४९४९ या क्रमांकाने निघाले. त्याआधी सप्टेंबरमध्ये या गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे झाली. ४ सप्टेंबरला रिंगो स्टार ड्रमवर होता. निर्माता जॉर्ज मार्टिनचे समाधान झाले नाही, म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट हा व्यावसायिक ड्रमवादक बोलावला गेला आणि रिंगोच्या हाती खंजिरी दिली गेली. सिंगलवर आले ते पहिले, रिंगोचे मुद्रण. पुढच्या वर्षी एलपीवर गेले ते दुसरे. कानाने ओळखायची खूण सोपी आहे: खंजिरी ऐकू आली तर ड्रम व्हाइटचा. रिंगोच्या मुद्रणाची मूळ टेप मात्र पुढे कंपनीकडे उरली नाही. म्हणून नंतरच्या संकलनांसाठी ते गाणे जुन्या सिंगलवरूनच उतरवून घ्यावे लागले. जगातील सर्वांत प्रसिद्ध वाद्यवृंदाचे पहिले गाणे, जगातील एक अत्यंत संपन्न ध्वनिमुद्रण कंपनी, आणि तरी अस्सल दस्तऐवज शिल्लक राहिला तो दुकानात विकल्या गेलेल्या तबकडीवर. ज्याने ती तबकडी जपली, त्याने इतिहासाची एक मूळ प्रत जपली.

आता ही वस्तू घडते कशी, ते पाहू. गाणे टेपवरून आधी लाखरोगणाचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर कोरले जाते. तिच्यावर विद्युत-विलेपनाने धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यापासून सुलटी ‘मदर’ आणि मदरपासून दाबयंत्रात बसणारे उलटे साचे, म्हणजे स्टँपर. एका स्टँपरवर मर्यादित प्रती निघतात, मग तो झिजतो आणि दुसरा लागतो. या प्रत्येक टप्प्याची खूण शेवटच्या चरानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर राहते. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की ती दिसते. पार्लोफोन जिचे लेबल होते त्या ईएमआय कंपनीच्या हेझ येथील कारखान्यातल्या तबकड्यांवर लेबलच्या खालच्या बाजूला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा ओळखक्रमांक, असतो आणि त्याच्या शेवटी ‘१एन’ असे काही लिहिलेले असते, म्हणजे ते पहिले कोरीवकाम. डाव्या बाजूला मदरचा अंक. उजव्या बाजूला एक किंवा अधिक अक्षरे, ती स्टँपरची. ही अक्षरे ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावाच्या लघुरूपातून घेतलेली आहेत: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य. म्हणजे ‘आर’ असेल तर दुसरा स्टँपर, ‘जीडी’ असेल तर दहावा. ही किल्ली हाती आली की आपल्या हातातली प्रत पहिल्या आठवड्यातली आहे की गाणे गाजल्यानंतरच्या घाईतली, याचा बराच अंदाज बांधता येतो. साठच्या दशकातील पुष्कळ ब्रिटिश लेबलांवर मधल्या भोकाजवळ उठवलेली दोन अक्षरेही असतात. ती त्या काळच्या खरेदीकराची खूण. कराचे दर बदलले की अक्षरे बदलत, त्यामुळे काळ ठरवायला त्यांचा मोठा आधार होतो.

कोरणाऱ्या कारागिरानेही कधी कधी आपली सही ठेवलेली असते. लंडनच्या जॉर्ज पेकहॅम याने कोरलेल्या तबकड्यांवर ‘अ पोर्की प्राइम कट’ अशी हाताने लिहिलेली ओळ सापडते. नवा संग्राहक पहिल्यांदा अशी ओळ वाचतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. यंत्रातून लाखांनी निघालेल्या वस्तूवर एका माणसाचे हस्ताक्षर!

लेबल मात्र साक्षीपुराव्यासारखे तपासून घ्यावे. ‘लव्ह मी डू’च्या रेडिओसाठी काढलेल्या २५० नमुना प्रतींवर मॅकार्टनीच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले आहे, तर अमेरिकेत व्ही-जे कंपनीने ‘प्लीज प्लीज मी’ काढले तेव्हा पहिल्या प्रतींवर वाद्यवृंदाच्या नावातच एक ‘टी’ जास्त पडला. या झाल्या चुका. पण जाणूनबुजून छापलेले असत्यही असते. १९६४मध्ये फिल स्पेक्टरने राइचस ब्रदर्सचे ‘यू’व्ह लॉस्ट दॅट लव्हिन’ फीलिंग’ काढले. गाणे पावणेचार मिनिटांच्या आसपासचे होते आणि तीन मिनिटांवरचे गाणे वाजवायला रेडिओवाले नाखूश असत. स्पेक्टरने लेबलवर ३:०५ अशी वेळ छापून टाकली. लेबलवरचे ते तीन आकडे त्या काळच्या रेडिओचे अर्थकारण सांगतात. बॉब डिलनचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सहा मिनिटांचे होते, म्हणून १९६५मध्ये रेडिओसाठीच्या लाल तबकडीवर ते अर्धे या बाजूला आणि अर्धे त्या बाजूला असे तोडून दिले गेले.

तीन मिनिटांची ही चौकट आली कुठून? आधीच्या ७८ वेगाच्या दहा इंची तबकडीवर साधारण तेवढाच वेळ बसे, आणि ४५ने ती मर्यादा पुढे चालवली. चर रुंद ठेवले तर आवाज मोठा आणि ठसठशीत येतो, पण वेळ कमी मिळतो. ज्यूकबॉक्सच्या गोंगाटात ऐकू जायचे तर आवाज मोठाच हवा. सीबर्ग कंपनीने १९५०मध्ये ४५च्या तबकड्या वाजवणारा, शंभर गाण्यांतून निवड करू देणारा ज्यूकबॉक्स आणला आणि छोट्या तबकडीचे भाग्य ठरले. मधले दीड इंची भोक यंत्राच्या हाताला पकडायला सोपे होते. ब्रिटिश कंपन्या लहान भोकाच्या तबकड्या काढत आणि मधला भाग हवा तर दाबून काढता येईल असा ठेवत. जुन्या ब्रिटिश सिंगलचा मधला तुकडा शाबूत असणे म्हणूनच आजही मोलाचे मानतात. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांतही ज्यूकबॉक्स वाजत असत, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल.

व्हायनलआधीच्या तबकडीचा भारताशी संबंध आणखी जवळचा होता. ७८च्या तबकड्यांतील लाख मुख्यतः भारतातून जात असे. आजच्या झारखंडच्या जंगलांत पलाश, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ती लाख. दुसऱ्या महायुद्धात आशियाचे सागरी मार्ग धोक्यात आले, लाखेची युद्धसामग्रीलाही गरज होती, आणि १९४२मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. सैनिकांसाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ व्हायनलच्या निघाल्या. प्रवासात त्या फुटत नसत. युद्धानंतर कोलंबियाने १९४८मध्ये एलपी आणली, पुढच्या वर्षी आरसीएने ४५, आणि दोन्हींचे द्रव्य व्हायनल झाले. एक इशारा नवख्यांसाठी इथेच देतो: प्रत्येक ४५ व्हायनलची नसते. काही अमेरिकी कारखाने स्टायरीन साच्यात ओतून सिंगल्स काढत. अशी तबकडी हलकी, कडक असते, टिचकी मारली तर टणक वाजते, लेबल बहुधा वरून चिकटवलेले असते, आणि जड सुईखाली फार लवकर झिजते. दिसायला चकचकीत स्टायरीन तबकडी ऐकल्याशिवाय घेऊ नये.

या वस्तूचे सर्वांत मोठे वैभव मला तिच्या दुसऱ्या बाजूत दिसते. कंपनीला विकायचे असे ते ए-बाजूचे गाणे. बी-बाजूवर काहीतरी भरायचे म्हणून भरत. आणि इतिहासाने कितीदा तरी तबकडी उलटली आहे. बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४मध्ये बी-बाजूला निघाले होते. लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डचे १९५८मधले पहिले सिंगल घ्या. ए-बाजूला ‘स्कूलबॉय क्रश’ हे अमेरिकेतून उसने आणलेले गुळगुळीत गाणे आणि मागे ‘मूव्ह इट’, इयन सॅमवेल या तरुणाने लिहिलेले. टीव्ही निर्माता जॅक गुड याने मागची बाजू ऐकली आणि कार्यक्रमात तीच हवी असा आग्रह धरला. ब्रिटिश रॉक अँड रोलची खरी सुरुवात पुष्कळ अभ्यासक या बी-बाजूपासून धरतात. बंगळुरूच्या बिद्दूंची गोष्ट अशीच. ट्रोजन्स या आपल्या चमूबरोबर गाजल्यावर ते इंग्लंडला गेले. १९७४मध्ये कार्ल डग्लसच्या एका सिंगलच्या मागच्या बाजूसाठी त्यांनी थोड्या वेळात एक गाणे मुद्रित केले. कंपनीने ऐकल्यावर बाजू बदलल्या, आणि ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सहा वर्षांनी त्याच बिद्दूंनी ‘आप जैसा कोई’ दिले.

बी-बाजूचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. तबकडी विकली जाते ती दोन्ही बाजूंसकट, म्हणून मागच्या गाण्याच्या लेखकाला पुढच्या लेखकाइतकेच मानधन मिळे. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मागे ड्रमवादक रॉजर टेलरचे गाणे होते, पुढचे गाणे फ्रेडी मर्क्युरीचे, पण तबकडीच्या विक्रीतून दोघांची कमाई सारखी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तिथेच ‘हेक्टिक्स’ या शाळकरी वाद्यवृंदात पियानो वाजवणाऱ्या फ्रेडीच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला ही एक शांत, व्यवहारी पाठ आहे. स्पेक्टरसारखा निर्माता तर मुद्दाम मागे अर्थहीन वाद्यसंगीत भरत असे, म्हणजे कोणा निवेदकाला ती बाजू वाजवायचा मोह होऊ नये.

बी-बाजूंचे जणू विद्यापीठच उभे राहिले ते इंग्लंडच्या उत्तर भागात. साठच्या दशकाअखेर आणि सत्तरच्या दशकात मँचेस्टरचे ट्विस्टेड व्हील, ब्लॅकपूलचे मेक्का आणि १९७३ ते १९८१ चाललेले विगन कसिनो अशा नृत्यगृहांत गिरण्या-कारखान्यांतली तरुण मुले रात्रभर अमेरिकी कृष्णवर्णीय सोल संगीतावर नाचत. गाजलेली गाणी त्यांना नको असत. डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमध्ये काही शे प्रतींत निघून पडलेली, वेगवान, भावनेने भिजलेली सिंगल्स त्यांना हवी असत. डेव्ह गोडिन या लेखक-दुकानदाराने या अभिरुचीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. डीजे अमेरिकेत जाऊन गोदामे धुंडाळत. रिचर्ड सिअरलिंगला १९७३मध्ये तिथे ग्लोरिया जोन्सचे १९६५चे एक सपशेल पडलेले सिंगल मिळाले. त्याच्या बी-बाजूला होते ‘टेन्टेड लव्ह’. उत्तरेच्या क्लबांत ते गाजले आणि १९८१मध्ये सॉफ्ट सेलने पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. आपल्या देशात कोणी न ऐकलेले गाणे परदेशातल्या संग्राहकांनी सोळा वर्षांनी जिवंत केले.

याच मंडळींत एक रीत होती, जिच्याबद्दल माझे मत ठाम आहे. आपली दुर्मीळ तबकडी दुसऱ्याला कळू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवत आणि खोट्या गायकाचे खोटे नाव सांगत. मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ नावाच्या लेबलवर १९६५मध्ये छापलेले फ्रँक विल्सनचे ‘डू आय लव्ह यू’ विगनमध्ये ‘एडी फॉस्टर’च्या नावाने वाजत राहिले. विल्सनने गायनाऐवजी निर्मिती निवडली आणि त्या सिंगलच्या प्रती नष्ट केल्या गेल्या. वाचलेल्यांतली एक २००९मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. या गुप्ततेतून चुरस वाढली, रंगत वाढली, हे मान्य. पण ज्या गायकाच्या आवाजावर शेकडो माणसे नाचत होती, त्याचेच नाव झाकले जात होते. क्रुडपला हक्काचे मानधन मिळाले नाही आणि विल्सनला वर्षानुवर्षे श्रेयही नाही. संग्राहकाने नाव झाकणे हा माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला सर्वांत मोठा अपराध आहे.

त्याच्या उलट परंपराही आहे आणि आपण तिचे वारस व्हावे. फ्रान्समध्ये शार्ल दलोने यांनी १९३६मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली: जॅझच्या तबकड्यांची वादकांसह, तारखांसह, मॅट्रिक्स क्रमांकांसह सूची. आजच्या सर्व सूचिकारांचे मूळ तिथे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जोएल व्हिटबर्न यांनी बिलबोर्ड साप्ताहिकाच्या क्रमवारीत आलेली सिंगल्स जमवता जमवता त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९७०मध्ये त्यांचा पहिला ग्रंथ निघाला. ‘हॉट १००’ ही क्रमवारी ४ ऑगस्ट १९५८ची, ब्रिटनमधली पहिली सिंगल्स क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ची. ती न्यू म्युझिकल एक्स्प्रेसच्या पर्सी डिकिन्स यांनी काही दुकानांना फोन करून बनवली होती. म्हणजे लोकप्रियतेचा हा अधिकृत वाटणारा इतिहास किती थोड्या दुकानदारांच्या सांगण्यावर उभा आहे, हेही अभ्यासकाने लक्षात ठेवावे. आपल्याकडे मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैठका, व्याख्याने आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या प्रकाशनातून भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या सूचीचे जे काम केले, ते जगातल्या कोणत्याही संग्राहक मंडळासमोर अभिमानाने ठेवावे असे आहे.

मराठी वाचकाला इंग्लंड-अमेरिकेच्या सिंगल्सचा अभ्यास दूरचा वाटण्याचे कारण नाही. बीटल्सच्या ज्या तबकड्यांसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात, त्यांतल्या काही कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात बनल्या. ब्रिटनमध्ये ७८च्या पॉप तबकड्या १९६०च्या आसपास थांबल्या. भारतात मात्र असंख्य घरांत अजून किल्लीचा ग्रामोफोन होता, म्हणून ग्रामोफोन कंपनीने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा पार्लोफोनच्या डीपीई मालिकेत लाखेच्या ७८वर काढली. विजेशिवाय, हँडल फिरवून बीटल्स ऐकण्याची सोय! आपल्याकडे ४५ची तबकडी रुळली ती मुख्यतः तीन-चार गाण्यांच्या ईपीच्या रूपाने. हिंदी चित्रपटगीते, मराठी भावगीते, नाट्यपदे यांच्या ईपी कितीतरी घरांत होत्या. गोव्याच्या ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची सत्तरच्या दशकातील कोंकणी पॉप गाणीही एचएमव्हीच्या अशाच छोट्या तबकड्यांवर आली. त्यांची संगतवार सूची, वादकांच्या नावांसह, ज्याला करावीशी वाटेल त्याने आता उशीर करू नये. त्या वाद्यवृंदांत वाजवणारे लोक वयोवृद्ध झाले आहेत.

किमतीविषयी थोडक्यात. किंमत ठरते ती दुर्मीळपणा, मागणी आणि अवस्था यांवर. अवस्थेची प्रतवारी मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस अशी उतरत जाते. नावात ‘गुड’ असलेली तबकडी प्रत्यक्षात चांगलीच खरखरते, हे ध्यानात असू द्या. सेक्स पिस्टल्सचे ‘गॉड सेव्ह द क्वीन’ मार्च १९७७मध्ये ए अँड एम कंपनीने छापले, आठवड्याभरात करार मोडला आणि जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. उरलेल्या मोजक्या प्रती आज हजारो पौंडांना जातात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या निळ्या व्हायनलच्या, हाताने क्रमांक घातलेल्या २०० प्रती ईएमआयने १९७८मध्ये निर्यातीच्या पुरस्कारानिमित्त काढल्या, त्यांचेही तसेच. अशा वस्तूंच्या नकला निघतात. मॅट्रिक्सचे कोरीव अक्षर, लेबलच्या छपाईची रेष आणि कडेचा आकार खऱ्या प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. पण मी म्हणेन, सुरुवात महागड्यांपासून करूच नका. एक लेबल, एक शहर, एक निर्माता किंवा एखादे वर्ष निवडा आणि त्याची स्वस्तातली, न गाजलेली सिंगल्स आधी ऐका. त्या काळाची सरासरी ऐकल्याशिवाय शिखर किती उंच होते ते कळत नाही.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. तबकड्या उभ्या ठेवा, दाबून भरू नका, कपाट भिंतीपासून सुटे असू द्या. दमट कागदी पाकिटातून बुरशी लेबलवर आणि चरांत शिरते. पाकीट वाळवून जपा, कारण साठच्या दशकातील कंपनीचे छापील पाकीट हाही पुरावा आहे, पण तबकडी नव्या अस्तरात ठेवा. मऊ प्लास्टिकची पीव्हीसी पाकिटे कालांतराने व्हायनलवर धुरकट डाग पाडतात, ती टाळा. धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. लाखेच्या ७८ला अल्कोहोल लावायचे नाही, लाख त्यात विरघळते. आणि ७८साठीची सुई ४५वर कधीच ठेवू नका. ७८चा चर जवळजवळ तिप्पट रुंद असतो.

शेवटी एक विनंती. तुमच्या हाती येणाऱ्या प्रत्येक तबकडीसाठी वहीत एक ओळ लिहा: गायक, दोन्ही बाजूंची गाणी, लेखक, लेबलचा रंग, क्रमांक, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स आणि स्टँपर, पाकीट कोणते, तबकडी कुठे आणि कोणाकडून मिळाली. आधीच्या मालकाने लेबलवर नाव किंवा तारीख लिहिली असेल तर ती पुसू नका, वहीत उतरवून घ्या. ही वही मागणाऱ्या अभ्यासकाला दाखवा, आणि तबकडी विकलीत तरी वही ठेवा.